डिस्क सगळ्यात शेवटी, आधी निगेटिव्ह

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका तरुणाने विचारलं आहे: काकांनी २००१ साली अगदी थोड्या पैशांत एक विनोदी मराठी सिनेमा काढला. सुपर सिक्स्टीनवर, म्हणजे १६ एमएमच्या अरुंद फिल्मवर शूट केला आणि थिएटरसाठी ३५ एमएमवर ब्लो-अप केला, म्हणजे मोठा करून छापला. थिएटरात दुसरा आठवडाही धड गेला नाही. पण पुढे व्हीसीडी आणि केबलवर तो असा काही पसरला की आज लोक त्याचे संवाद तोंडपाठ म्हणतात. काका आता हयात नाहीत. घरात फिल्मचे चार डबे, एक बीटा टेप (टीव्हीवाले वापरत ती व्हिडिओ टेप), व्हीसीडीची जोडी आणि कागदांची एक फाइल आहे. पंचवीस वर्षं होताहेत, त्यानिमित्त चांगली डिस्क काढायची आहे. ओळखीतला एक जण म्हणतो, बीटा टेपवरून एआय लावून महिन्याभरात फोर-के (सुमारे चार हजार ठिपके रुंद चित्र) करून देतो. करू का?

करू नका. निदान आत्ता तरी नका करू. मी तीस वर्षं हेच काम करते आहे. आधी टेलिसिने (फिल्म व्हिडिओवर उतरवणं), मग ग्रेडिंग (रंग जुळवणं), मग डीव्हीडी ऑथरिंग (डिस्क बांधणं) आणि आता बहुतेक वेळ जुन्या सिनेमांचं रिस्टोरेशन. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. विनोदी सिनेमा टिकतो तो त्याच्या वेळेवर आणि चौकटीवर. कुठला माणूस कडेला उभा आहे, कोण किती क्षण गप्प राहतो, यावर लोक हसतात. तुमच्या बीटा टेपवर या दोन्ही गोष्टी आधीच बिघडलेल्या आहेत. ती टेप मोठी केली तर बिघाडही मोठा होईल. म्हणून आधी डब्यांकडे वळू.

चार डब्यांत नेमकं काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण थोडा अंदाज करता येतो. दोन तासांची ३५ एमएम प्रिंट साधारण १०,८०० फूट भरते आणि सहा रिळांत असते. ती चार डब्यांत पूर्ण बसणार नाही. १६ एमएमला मात्र मिनिटाला ३६ फूट लागतात, म्हणजे दोन तासांना ४,३२० फूट. त्यामुळे तुमच्याकडे मूळ सुपर सिक्स्टीनच्या निगेटिव्हचा काही भाग असण्याची शक्यता खरी आहे आणि तसं असेल तर तुमच्या हातात या सिनेमाची सगळ्यात मोलाची वस्तू आहे. फिल्मच्या रुंदीला पट्टी लावून बघा. सुपर सिक्स्टीनला भोकं एकाच बाजूला असतात. निगेटिव्ह असेल तर रंग उलटे आणि सगळीकडे नारिंगी छटा दिसेल. मध्येमध्ये लांबच लांब काळा लीडर, म्हणजे चित्र नसलेली फिल्म, दिसला तर घाबरू नका. निगेटिव्ह 'ए' आणि 'बी' अशा दोन रिळांत (ए-बी रोल) कापताना एक शॉट 'ए'मध्ये आणि पुढचा 'बी'मध्ये जातो, आणि मधल्या जागी काळा लीडर भरतात. म्हणजे 'ए'चे डबे सापडले आणि 'बी'चे नाही, तर तुमच्याकडे निम्मा सिनेमा आहे, तोही एक शॉट सोडून एक.

डबे उघडायचे ते कोरड्या दिवशी, पंख्याखाली नाही, आणि टेबलावर स्वच्छ पांढरं सुती कापड अंथरून. आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेट या प्लास्टिकची फिल्म आतून कुजायला लागली आहे. कॅमेरा निगेटिव्ह ॲसिटेटवरच असतं, आणि ठाण्यासारख्या खाडीकाठच्या गावात पावसाळ्याचे चार महिने हवेत जो दमटपणा असतो तो त्याला मारतो. वास येणारा डबा बाकीच्यांपासून वेगळ्या खोलीत ठेवा. ही खराबी वाफेने शेजारच्या रिळांनाही लागते. एका डब्याला गंज आहे आणि २६ जुलै २००५ ला तुमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं होतं असं तुम्ही लिहिलंय. तो डबा अजिबात उघडू नका, आणि त्यातलं रीळ उलगडायचा प्रयत्न तर मुळीच नको. भिजून वाळलेल्या फिल्मचे थर एकमेकांना चिकटतात, ओढले की इमल्शन, म्हणजे चित्र असलेला थर, सोलून निघतं. मी अशा एका रिळातलं अख्खं गाणं एका उत्साही माणसाच्या दोन मिनिटांच्या खटपटीत गेलेलं पाहिलं आहे. तो प्रसंग आठवला की अजून वाईट वाटतं.

उरलेले डबे कुठे असतील? तुमच्या फाइलमध्ये 'लॅब लेटर' शोधा. निगेटिव्ह कोणाच्या सांगण्यावरून बाहेर द्यायचं, हे निर्माता लॅबला ज्या पत्राने कळवायचा ते पत्र. डिजिटल आल्यावर मुंबईतल्या लॅब एकामागून एक बंद झाल्या. तेव्हा निर्मात्यांना माल उचलून न्यायला सांगितलं गेलं, आणि जे आले नाहीत त्यांचं निगेटिव्ह कुठल्यातरी गोदामात गेलं. काही चांदीसाठी विकलंही गेलं. एका सिनेमाचे हरवलेले सात डबे आम्हाला तुर्भ्यात, चक्क फरशांच्या गोदामात मिळाले होते, कारण लॅबचा माल हलवणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याचीच ती जागा होती. म्हणून लॅबच्या जुन्या कर्मचाऱ्यांना, निगेटिव्ह कापणाऱ्या माणसाला, सहाय्यक संपादकाला फोन करा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात प्रिंट आहे का तेही विचारा. १९६४ साली सुरू झालेली ही संस्था २०२२ पासून एनएफडीसी, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या छत्राखाली आहे.

हातात आलेला सिनेमा पूर्ण आहे का, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. सेन्सॉर सर्टिफिकेटवर फिल्मची लांबी मीटरमध्ये लिहिलेली असते. ३५ एमएमसाठी त्या आकड्याला २७.४३ ने भागा, मिनिटं मिळतील. सर्टिफिकेटच्या दुसऱ्या भागात कोणते कट दिले तेही असतं. लोकांच्या लाडक्या व्हीसीडीची लांबी याच्याशी ताडून बघा. मला खात्री आहे की ती कमी भरेल, आणि त्याची कारणं दोन आहेत.

पहिलं, व्हीसीडीच्या एका डिस्कवर जेमतेम ७४ ते ८० मिनिटं मावत. सिनेमा दोन डिस्कमध्ये बसवायला किंवा मध्यंतर बरोबर जागी आणायला लोक सरळ प्रसंग उडवत. दुसरं कारण फारसं कोणाला माहीत नसतं आणि माझ्या दृष्टीने तेच महत्त्वाचं आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चालतो, आपला टीव्ही, बीटा आणि व्हीसीडी २५ फ्रेमने. टेलिसिने करताना सिनेमा सरळ २५ ने पळवला जायचा. दोन तासांचा सिनेमा १ तास ५५ मिनिटांत संपायचा, आणि आवाजाची पट्टी अर्ध्या स्वरापेक्षा थोडी कमी चढायची. म्हणजे ज्यांनी हा सिनेमा केबलवर शंभरदा पाहिला, त्यांनी तुमच्या काकांचा सिनेमा एकदाही खऱ्या वेगात पाहिलेला नाही. प्रत्येक विराम चार टक्क्यांनी छोटा, प्रत्येक नटाचा आवाज किंचित बारीक. नव्या डिस्कवर तो २४ नेच जायला हवा. ब्लू-रेवर ते शक्य आहे. काही जुने चाहते म्हणतील, आवाज जड का वाटतो? त्यांना कारण सांगा, पण वेग बदलू नका. संवाद संपल्यावर समोरचा माणूस जो एक श्वास थांबतो, तो दिग्दर्शकाने आणि संपादकाने मोजून ठेवलेला असतो.

आता चौकट. सुपर सिक्स्टीनची चौकट १.६७ ला १ अशी रुंद असते. जुना टीव्ही १.३३. टेलिसिनेत दोन्ही बाजू मिळून पाचवा हिस्सा कापला जातो. तुम्ही लिहिलंय की तलावपाळीच्या कट्ट्यावरच्या भांडणात लोक मुख्य दोघांवर हसतात. निगेटिव्हवर बहुधा त्या दोघांच्या कडेला भेळ खात उभा असलेला तिसराही सापडेल, कारण असे प्रसंग सहसा तिसऱ्याच्या चेहऱ्यावर बेतलेले असतात. दोन-तीन सिनेमांच्या बाबतीत मला हा अनुभव आला आहे. स्कॅन पहिल्यांदा पडद्यावर आला आणि ज्यांना सिनेमा पाठ होता तेच नव्या ठिकाणी हसले.

पण पूर्ण निगेटिव्ह दाखवायचं असंही नाही. त्या काळी थिएटरात बऱ्याचदा १.८५ चं मास्क लावून दाखवत, म्हणजे वरून-खालून मिळून दहावा हिस्सा झाकला जाई. वरच्या झाकलेल्या पट्टीत माइक डोकावत असेल, तर तो प्रेक्षकाने कधी पाहायचाच नव्हता. तिथे मास्क योग्य. तोच माइक थिएटरातही दिसत असेल आणि लोकांनी पंचवीस वर्षं त्यावर प्रेम केलं असेल, तर तो पुसू नका. कॅमेरामन हयात असतील तर त्यांना विचारा की व्ह्यूफाइंडरमध्ये कोणती खूण धरून फ्रेम लावली होती. हा निर्णय दुसऱ्या कोणीही घेऊ नये, मीसुद्धा नाही.

स्कॅन किती के? सुपर सिक्स्टीनला नीट केलेलं टू-के पुरतं असं माझं मत आहे. साठवण परवडत असेल तर फोर-केला माझी हरकत नाही, फक्त आकडे आधी बघा. दोन तासांच्या १,७२,८०० फ्रेम होतात. दहा बिट डीपीएक्स या फाइल-प्रकारात टू-केची फ्रेम साधारण १२ एमबी, फोर-केची ५० एमबी. एकाचे दोन टेराबाइट, दुसऱ्याचे साडेआठच्या पुढे, आणि ए-बी रोल दोन्ही स्कॅन होणार म्हणजे कच्चा माल त्याहून जास्त. वेट-गेट असलेला स्कॅनर मिळाला तर पाठीवरचे ओरखडे द्रवाने भरून निघतात आणि पुढचं हाताने करायचं कितीतरी काम वाचतं. इमल्शनच खरवडलं गेलं असेल तर ते हातानेच दुरुस्त करावं लागतं. एक लक्षात ठेवा, टायटल, डिझॉल्व्ह (एक चित्र दुसऱ्यात विरघळणं) आणि फेड (चित्र हळूहळू काळं होणं) हे सगळं ब्लो-अपच्या वेळी झालेलं असतं, मूळ निगेटिव्हवर ते तयार स्वरूपात नसतं. ते पुन्हा जुळवताना तुमची बीटा टेप लाखमोलाची ठरेल. कुठला शॉट कुठे आणि किती, याचा नकाशा म्हणून ती जपा.

साफसफाईत हात आखडता ठेवा. धूळ, केस, जॉइंटवरचा झटका, रंगांचं उडणं-फिकटणं, एवढं काढलं की थांबा. सुपर सिक्स्टीनचा दाणा, म्हणजे फिल्मचे बारीक ठिपके, दिसणारच. तो घासून काढला की चेहरे मेणाचे होतात आणि विनोदी नटाच्या चेहऱ्यावरची बारीक हालचाल त्या मेणाखाली जाते. एआयने मोठं करण्याला माझा मुख्य विरोध इथेच आहे. कमी तपशिलाच्या टेपवरून ते दात, डोळे, भुवया स्वतःच्या मनाने रचतं. आणि मागे जांभळी नाक्यावरच्या दुकानांच्या पाट्या असतील, तर त्यावरच्या देवनागरीची अशी काही अक्षरं बनवतं की जी कुठल्याच लिपीत नाहीत. २००१ चं ठाणं त्या पाट्यांमध्ये आहे. मॉल आणि उड्डाणपुलांनी भरून जाण्याआधीचं गाव तुमच्या काकांनी पैसे नव्हते म्हणून रस्त्यावर उतरून शूट केलं. आज त्याची किंमत सेट लावलेल्या कितीतरी सिनेमांपेक्षा जास्त आहे.

आवाज निगेटिव्हवर नसतो, तो वेगळा शोधावा लागतो. शेवटच्या मिक्सची, म्हणजे सगळे आवाज एकत्र केलेली, मॅग (चुंबकीय फिल्म) किंवा डॅट (डिजिटल ध्वनिटेप) मिळाली तर उत्तम. ३५ च्या प्रिंटच्या कडेला छापलेला आवाज, म्हणजे ऑप्टिकल ट्रॅक, हा शेवटचा पर्याय. डॅट मिळाली तर ती ऐकून बघायला म्हणून लावू नका. पहिल्याच वेळी सरळ रेकॉर्डिंग करत लावा, कारण जुनी डॅट दुसऱ्यांदा तशीच वाजेल याचा भरवसा नसतो. सिनेमा मोनो असेल तर मोनोच ठेवा. खरखर काढताना व्यंजनं खाल्ली जातात, 'च' आणि 'स' बोथट होतात, आणि मालवणी किंवा आगरी ढंगाच्या बोलण्याची मजाच त्या कडांमध्ये असते. थोडी खरखर राहिलेली परवडते.

इंग्रजी सबटायटल मन लावून करा. तुमचे निम्मे ग्राहक परदेशातली मराठी घरं असतील आणि तिथली मुलं वाचूनच बघणार. विनोदी सिनेमाच्या सबटायटलचा माझा एकच हट्ट असतो: नट बोलायच्या आधी शेवटचा शब्द वाचकाला दिसता कामा नये. वाक्य दोन तुकड्यांत मोडा आणि दुसरा तुकडा त्याच्या तोंडून निघेल त्याच फ्रेमवर आणा. हे यंत्रावर सोडू नका, शेजारी बसून एकेक ओळ बसवावी लागते.

आता कागद. पैशांइतकाच वेळ इथे जातो, म्हणून स्कॅनिंग चालू असतानाच सुरू करा. कॉपीराइट कायद्याप्रमाणे सिनेमाचा मालक निर्माता आणि मुदत प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे तुमच्या बाबतीत २०६१ च्या अखेरपर्यंत. पण काकांनंतर ते हक्क तुमच्याकडे आपोआप आलेले नाहीत, ते त्यांच्या वारसांचे आहेत. तुम्ही काकू आणि चुलत बहिणीचा उल्लेख केला आहे. त्या दोघींची लेखी संमती पहिल्या दिवशी घ्या, आणि घरातलीच माणसं म्हणून तोंडी बोलण्यावर ठेवू नका. मग २००१ चा व्हीसीडीचा करार काढा. त्यात 'व्हिडिओ राइट्स' लिहिलंय की 'निगेटिव्ह राइट्स', यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. निगेटिव्ह राइट्स विकले असतील तर सिनेमा बहुधा तुमच्या घरचा राहिलेलाच नाही. व्हिडिओ राइट्स असतील आणि मुदत कुठेच लिहिलेली नसेल, तर कलम १९ प्रमाणे ती ५ वर्षं धरतात. हा मजकूर चांगल्या वकिलाला दाखवाच. गाण्यांचे हक्क सहसा वेगळ्या म्युझिक कंपनीकडे गेलेले असतात. कलम ५२-अ प्रमाणे डिस्कच्या वेष्टनावर आणि आत पडद्यावरही सेन्सॉर सर्टिफिकेटची प्रत, डिस्क काढणाऱ्याचं नाव-पत्ता, परवानगी घेतल्याचं निवेदन आणि कॉपीराइट मालकाचं नाव-पत्ता द्यावं लागतं. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर सर्टिफिकेटला मुदतीची अडचण उरलेली नाही. पण कापलेले प्रसंग परत सिनेमात घालायचे असतील तर सेन्सॉरकडे जावंच लागेल.

कमी पैशांतला विनोदी सिनेमा असा परत येऊ शकतो का, अशी शंका तुमच्या पत्रात दोनदा आली आहे. 'जाने भी दो यारों' आठवा. एनएफडीसीच्या पैशावर, सात लाखांच्या आत झालेला १९८३ चा सिनेमा, पुढे दूरदर्शनवर पाहून पाहून लोकांच्या तोंडी बसला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा थिएटरात लागला. मालकी एका सार्वजनिक संस्थेकडे होती, ही त्यातली सोय. तुमच्याकडे ती सोय नाही, म्हणून वरचा कागदांचा परिच्छेद एवढा लांबला.

डिस्कबद्दल थोडक्यात. ब्लू-रे काढा, ५० जीबीची. दोन तास सेकंदाला ३० मेगाबिटने (हाच बिटरेट) दिले की २७ जीबी होतात, त्यामुळे २५ ची डिस्क पुरत नाही, आणि दाणेदार चित्राला बिटरेट कमी दिला की ते चौकोनी तुकड्यांत फुटतं. भारत ब्लू-रेच्या 'सी' विभागात, अमेरिका 'ए'मध्ये. म्हणून विभागाचं कुलूप ठेवू नका. फॅक्टरीत छापलेल्या ब्लू-रेला एएसीएसचा (कॉपी रोखणाऱ्या कुलपाचा) परवाना घ्यावाच लागतो, त्यामुळे शे-दोनशे प्रतींना तो खर्च अंगावर येतो. घरी बर्न केलेल्या डिस्क मात्र काही प्लेअर वाचत नाहीत. मी असते तर आगाऊ नोंदणी घेऊन आकडा पाहिला असता आणि मगच ठरवलं असतं. त्याच मास्टरमधून डीसीपी (थिएटरच्या प्रोजेक्टरसाठीची डिजिटल प्रत) करून घ्या, म्हणजे थिएटरात दाखवता येईल.

जादाच्या सामग्रीत उगीच भरताड नको. कलाकारांच्या 'खूप मजा आली' छापाच्या मुलाखती कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. त्यापेक्षा संपादक आणि कॅमेरामन यांना शेजारी बसवून अख्खा सिनेमा चालू असताना बोलतं करा. कंटिन्युइटीचे (शॉट एकमेकांशी जुळावेत म्हणून काढलेले) फोटो, हिशेबाची वही, पोस्टरचं मूळ चित्र स्कॅन करा. हिशेबाची वही जरूर घ्या. कुठल्या दिवशी कोणाच्या घरून जेवण आलं आणि कोणाची रिक्षा दिवसभर फुकट मिळाली, हे त्यात असतं, आणि असे सिनेमे कसे उभे राहतात ते त्याहून नीट कुठेच लिहिलेलं नसतं. व्हीसीडीची आवृत्तीही, तिच्या त्याच वेगात आणि त्याच कापलेल्या चौकटीत, डिस्कवर वेगळी द्या. लोकांनी प्रेम तिच्यावर केलं होतं.

तारखेबद्दल. तुम्ही दिवाळी म्हणता. हरवलेले डबे महिन्याभरात सापडले तर जमेल, नाहीतर नाही. तसं झालं तर वर्धापनाला गडकरी रंगायतनची किंवा वाशीच्या विष्णुदास भावेची तारीख मिळते का बघा, आहे त्यातल्या बऱ्या प्रतीचा एक खेळ लावा, आणि तिथेच जाहीर विचारा की कोणाकडे प्रिंट, फोटो, टेप आहे का. दोन सिनेमांचे हरवलेले भाग आम्हाला अशा खेळानंतर प्रेक्षकांतूनच मिळाले आहेत. स्कॅन झाला की एलटीओ या डेटा साठवायच्या टेपच्या दोन प्रती करा, एक ठाण्यात आणि दुसरी पुण्या-नाशकाला कोणा नातेवाइकांकडे ठेवा.

या आठवड्यात एवढंच करा: डब्यांचे चारही बाजूंनी फोटो, झाकणावरच्या प्रत्येक अक्षराचे फोटो, आणि सर्टिफिकेटच्या दोन्ही पानांची झेरॉक्स. डबे माळ्यावरून खाली, घरातल्या सगळ्यात थंड आणि कोरड्या खोलीत, आडवे ठेवा, उभे नको. न्यायची वेळ येईल तेव्हा गाडीच्या डिकीत टाकू नका, पुढे एसीत मांडीवर घेऊन जा. आणि तो गंजलेला डबा प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, त्यातला वाफारा बाहेर जायला हवा.